मटणाचा स्टेक चिवट आणि चीजचा सॉस रवाळ होत असेल, तर काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

लक्षणे

मटणाचा काप तव्यावर टाकताच चर्र आवाज येतो, पण अर्ध्या मिनिटात तो बसतो आणि त्याच्या जागी रटरट सुरू होते. कापाभोवती राखाडी, फेसाळ पाणी साचते. ते आटेपर्यंत आठ-दहा मिनिटे जातात आणि तोवर मांस बाहेरून फिकट, आतून कोरडे झालेले असते. ताटात सुरी चालवली की काप ताटभर सरकतो, पण तुटत नाही.

शेजारच्या शेगडीवर दुसरी तक्रार तयार होत असते. चीज घातल्यावर पहिली दोन मिनिटे सॉस मऊ आणि एकजीव दिसतो, मग पातेल्याच्या कडेला पिवळसर तुपकट रेघ उमटते आणि बघता बघता सॉस रवाळ होतो. चमचा फिरवला की खाली चिवट गोळा आणि वर पातळ पाणी असे दोन भाग वेगळे दिसतात. काही घरांत सॉस फाटत नाही, पण पास्त्याला धरत नाही. तो ताटाच्या तळाशी उतरतो आणि पास्ता वर कोरडा राहतो. किंवा उलट घडते, म्हणजे पाहुणे हात धुऊन पानावर बसेपर्यंत पास्ता आणि सॉस मिळून एकच दगड झालेला असतो.

मी कोल्हापुरात स्वयंपाकाचे वर्ग घेते. मुलांच्या वाढदिवसाला, सुट्टीला किंवा पुण्या-मुंबईहून नातवंडे आली की स्टेक आणि चीज पास्ता करण्याची पद्धत आता इथल्या बऱ्याच घरांत रुळली आहे, आणि त्याबद्दल माझ्याकडे येणारी तक्रार जवळपास नेहमी हीच असते. करणाऱ्या बाई किंवा बाप्ये स्वयंपाकात कच्चे असतात म्हणून असे होत नाही. उलट ज्यांचा तांबडा-पांढरा रस्सा उत्तम होतो, त्यांच्याच घरी हे दोष अधिक दिसतात, कारण रश्श्यासाठी हाताला लागलेल्या चार चांगल्या सवयी या जेवणात नेमक्या उलट्या पडतात. सकाळी कापलेले ताजे मटण त्याच दिवशी शिजवणे, सगळे मटण एकदम पातेल्यात घालून त्याला पाणी सुटू देणे, तेल सुटेपर्यंत परतणे आणि मोठ्या आचेवर खळखळ उकळी आणणे या त्या सवयी होत. पुढची प्रत्येक तपासणी यांपैकी कोणत्या ना कोणत्या सवयीशी जोडलेली आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. स्टेक हा मूळचा गोमांसाचा पदार्थ आहे. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला आधीपासूनच आणि २०१५ पासून बैल व वळू यांच्याही कत्तलीला बंदी असल्यामुळे इथे तो म्हशीच्या मांसाचा, चिकनचा किंवा मटणाचा केला जातो. या लेखात बोकडाच्या मांडीचे हाड काढलेले, दोन सेंटीमीटर जाडीचे काप गृहीत धरले आहेत. चार माणसांसाठी असे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम मटण, ३२० ग्रॅम कोरडा पास्ता, आणि सॉससाठी ३० ग्रॅम लोणी, ३० ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध व १५० ग्रॅम चीज लागते.

सर्वांत आधी: गॅस बंद करून चीज घालता का?

या तपासणीला एक पैसाही लागत नाही आणि सॉसच्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. चीज म्हणजे दुधातली प्रथिने, त्यांच्या जाळीत अडकलेले स्निग्ध पदार्थ आणि पाणी. मंद उष्णतेत ही जाळी सैल होते आणि चीज वितळते. पण सॉस उकळत ठेवला की हीच जाळी आक्रसते आणि आतले तूप व पाणी बाहेर फेकते. कडेला दिसणारी पिवळी रेघ म्हणजे ते बाहेर पडलेले तूप. तांबड्या रश्श्यावर जो तवंग आला म्हणून आपण समाधानाने झाकण ठेवतो, तोच तवंग चीजच्या सॉसवर दिसला तर सॉस हातचा चालला आहे असे समजावे.

म्हणून क्रम असा ठेवावा. लोण्यात मैदा मंद आचेवर दीड-दोन मिनिटे परतावा. त्याचा कच्चा वास जायला हवा, पण रंग बदलता कामा नये. मग कोमट दूध थोडे थोडे घालत ढवळावे आणि एक हलकी उकळी येऊ द्यावी, कारण मैद्यातला स्टार्च उकळीच्या जवळ पोहोचल्याशिवाय पुरता दाट होत नाही. त्यानंतर गॅस पूर्ण बंद करावा, पातेले खाली उतरवून दोन मिनिटे थांबावे आणि मगच किसलेले चीज तीन-चार हप्त्यांत घालून प्रत्येक हप्ता विरघळल्यावर पुढचा घालावा. बोट क्षणभर बुडवता येईल पण ठेवता येणार नाही इतकाच सॉस गरम असावा. चीज घातल्यानंतर हा सॉस पुन्हा शेगडीवर चढवायचा नाही. गार झाला असे वाटले तर पास्त्याचे गरम पाणी घालून सैल करावा.

सॉसमधले कण खरोखर चीजचेच आहेत का, हेही याच वेळी बघून घ्यावे. एक कण दोन बोटांत दाबावा. तो पिठासारखा पसरला आणि मधून कोरडा मैदा निघाला, तर ती मैद्याची गुठळी आहे आणि दोष दूध घाईने घालण्याचा आहे. सॉस गाळून घेतला की काम भागते. कण रबरासारखा दबून पुन्हा वर आला, तर तो आचेने आक्रसलेल्या चीजचा आहे. दोन्हींचा उपाय वेगळा आहे, म्हणून ही परीक्षा चुकवू नये.

मटण कोरडे आहे का, आणि तव्यावर किती गर्दी आहे?

ही तपासणीही फुकट आहे. मांसाला तांबूस-तपकिरी रंग आणि खमंग वास येतो, तो पृष्ठभागाचे तापमान साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावर. पण जोवर त्यावर पाणी आहे, तोवर तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर चढू शकत नाही. ओला काप तव्यावर टाकणे म्हणजे तो आधी उकडणे, आणि पाणी आटून खमंग होण्याची वेळ येते तेव्हा आतले मांस कधीच जास्त शिजलेले असते. आपल्याकडे मटण दोन-तीन पाण्यांनी धुवून, चाळणीत ठेवून लगेच फोडणीत टाकण्याची पद्धत आहे. रश्श्याला ती चालते, कारण तिथे पाणी सुटायलाच हवे असते. स्टेकसाठी धुतलेले काप स्वच्छ सुती फडक्याने किंवा टिशू पेपरने दोन्ही बाजूंनी, कडांसह, दाबून दाबून कोरडे करावेत. फडके ओले झाले तर दुसरे घ्यावे. वापरलेले फडके लगेच गरम पाण्यात धुण्याला टाकावे.

मीठ लावण्याची वेळ याच मुद्द्याशी निगडित आहे. मीठ लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांत मांसावर पाण्याचे थेंब उभे राहतात आणि नेमक्या त्याच वेळी काप तव्यावर गेला तर पुन्हा उकड सुरू होते. म्हणून मीठ एकतर तव्यावर टाकण्याच्या क्षणी लावावे, किंवा किमान पाऊण तास आधी लावून काप फ्रीजमध्ये उघडे ठेवावेत. तेवढ्या वेळात सुटलेले पाणी मिठासह पुन्हा आत मुरते आणि पृष्ठभाग सुकतो. दही, लिंबू, आले-लसणाची ओली पेस्ट असे काही लावायची सवय असेल, तर तव्यावर जाण्यापूर्वी ते पुसून काढावे लागेल. लसूण खमंग करायचा असेल तर शेवटच्या मिनिटाला लोण्यासोबत तव्यात घालावा, आधी घातला तर तो करपून कडू होतो.

आता गर्दी. घरातल्या नेहमीच्या तव्यावर दोन काप मावतात, तिथे पाच टाकले जातात, कारण सगळ्यांना एकदम गरम वाढायचे असते. थंड मांस पडताच तवा निवतो, सुटलेल्या पाण्याला वाफ होऊन जायला जागा उरत नाही आणि रटरट सुरू होते. दोन कापांमध्ये किमान दोन बोटांचे अंतर हवे. चार काप असतील तर दोन घाणे करावेत. पहिला घाणा ताटात झाकून ठेवला तर तो तेवढ्यात निवत नाही, उलट मुरतो आणि त्याचा त्याला फायदाच होतो.

तवा खरोखर तापला आहे का?

तवा तापला असे वाटणे आणि तो तापलेला असणे यांत बराच फरक असतो. जाड तव्याला मध्यम-मोठ्या आचेवर चार ते पाच मिनिटे लागतात. पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो जागीच सळसळून आटला तर तवा अजून कमी तापला आहे, आणि थेंबाचा गोल मणी होऊन तो तव्यावर इकडेतिकडे पळू लागला तर तवा तयार आहे. तेल त्यानंतर घालावे आणि तेही तव्यावर ओतण्यापेक्षा कापाला चोळावे, म्हणजे धूर कमी होतो.

तेल कोणते, हेही इथेच बघावे. घाण्याचे शेंगदाणा तेल चवीला कितीही चांगले असले तरी ते लवकर धुरावते. या कामासाठी रिफाइंड शेंगदाणा तेल किंवा साजूक तूप बरे. लोणी सुरुवातीला घालू नये. त्यातला दुधाचा अंश १५० अंशांच्या आसपास जळू लागतो आणि काळे ठिपके मांसाला कडूपणा देतात.

काप टाकल्यावर त्याला हलवायचे नाही. पहिली दीड-दोन मिनिटे तो तव्याला चिकटलेला वाटतो, पण रंग आला की आपसूक सुटतो. ओढून काढावा लागत असेल तर वेळ झालेली नाही. आवाजाकडे कान ठेवावा. कोरडा, सलग चर्र आवाज शेवटपर्यंत टिकला पाहिजे. तो मंदावून बुडबुड्यांचा झाला तर त्याच क्षणी काप बाहेर काढून ताटात ठेवावेत, तव्यातले पाणी टिशूने पुसून घ्यावे, तवा पुन्हा तापवावा आणि मग एकेक काप परत टाकावा. पाणी आटण्याची वाट पाहत मांस तव्यातच ठेवणे हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत महागात पडणारा निर्णय असतो.

नॉनस्टिक पॅन वापरत असाल तर इथेच थांबा. तो रिकामा इतका तापवणे योग्य नाही, कारण साधारण २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप खराब होऊ लागतो आणि धूर आरोग्याला चांगला नसतो. घरात भाकरीचा जाड लोखंडी तवा असेल तर तो घ्यावा.

पास्त्याचे पाणी सिंकमध्ये जाते का?

शेवया किंवा नूडल्स उकडल्यावर त्या चाळणीत ओतून नळाखाली धुणे आणि वर तेलाचा हात फिरवणे ही आपली रीत आहे. पास्त्याला ती लावली की त्याच्यावरचा स्टार्च वाहून जातो, तेलाचा थर बसतो आणि सॉस त्यावरून घसरतो. पास्ता धुवू नये, तेल लावू नये, आणि गाळण्यापूर्वी वाटीभर पाणी बाजूला काढून ठेवावे. या गढूळ पाण्यातला स्टार्च सॉसमधले तूप आणि पाणी एकत्र धरून ठेवतो, म्हणून ते फाटण्याविरुद्धचे सर्वांत स्वस्त औषध आहे.

पाणी १०० ग्रॅम पास्त्याला साधारण एक लिटर आणि त्यात दोन लहान चमचे मीठ पुरेसे आहे. चीज स्वतः खारट असते, त्यामुळे सॉसमध्ये वेगळे मीठ घालण्यापूर्वी चव घ्यावी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच असल्याने इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे पाकिटावरच्या वेळेपेक्षा अर्धा-एक मिनिट जास्त लागू शकते. वेळ मोजण्यापेक्षा दाताने पाहावे. मधोमध पांढरा ठिपका जेमतेम उरला असताना पास्ता उतरवून सॉसमध्ये टाकला की उरलेले पाणी तो सॉसमधून पितो. म्हणूनच सॉस ताटात हवा त्यापेक्षा थोडा पातळच ठेवावा लागतो. पातेल्यात नीट दिसणारा सॉस ताटात घट्टच होणार.

दूध आणि चीज: थोडा खर्च इथून सुरू होतो

दूध जुने असेल तर ते सॉसमध्ये गेल्यावर फाटते आणि दोष चीजला दिला जातो. आधी चमचाभर दूध वाटीत उकळून पाहावे. कण दिसले तर त्या दुधाचा सॉस करू नये. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावरून आणलेले ताजे म्हशीचे दूध किंवा पिशवीतले म्हशीचे दूध वापरण्याचा कल असतो, आणि सॉसला ते उत्तम आहे, कारण त्यात सहा टक्के किंवा त्याहून अधिक स्निग्धांश असतो. फक्त दोन पथ्ये पाळावीत. कट्ट्यावरचे दूध आधी पूर्ण उकळून, साय काढून घ्यावे, कारण सायीचे तुकडे सॉसमध्ये गुठळ्यांसारखे दिसतात. आणि म्हशीच्या दुधाचा सॉस मुळात दाट होत असल्याने लोणी थोडे कमी केले तरी चालते. डब्यातले फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के स्निग्धांशाचे असते आणि ते जोरात उकळल्यास फाटू शकते, म्हणून तेही चीजसारखे शेवटीच घालावे. लिंबू, टोमॅटो किंवा व्हिनेगर या सॉसच्या जवळही नको. आंबटपणा हवाच असेल तर ताटात वरून घ्यावा.

चीजच्या निवडीबाबत माझे मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा करताना प्रोसेस्ड चीज वापरावे. २५ ग्रॅमचे जे क्यूब किराणा दुकानात मिळतात, त्यांत चीज एकजीव ठेवणारे क्षार आधीच घातलेले असतात. पाकिटामागे बारीक अक्षरांत ३३१ किंवा ३३९ असा क्रमांक दिसला तर ते हेच क्षार, सायट्रेट आणि फॉस्फेट. त्यामुळे हे चीज आच थोडी जास्त झाली तरी सहज फाटत नाही. पिझ्झासाठीचे मोझरेला मात्र मुळात तार धरण्यासाठी बनवलेले असते. त्याचा सॉस केला की चमच्याभोवती दोरखंड तयार होतो, आणि असे झाले म्हणजे करणाऱ्याचे काही चुकले असे नव्हे. जुने, मुरलेले चेडार आवडत असेल तर दोन भाग चेडारला एक भाग प्रोसेस्ड चीज घालावे, म्हणजे चव चेडारची राहते आणि सॉस क्यूबमुळे टिकतो. आधीच किसून मिळणाऱ्या चीजच्या पाकिटात कण सुटे राहावेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज घातलेले असते, त्यामुळे सॉस किंचित पिठूळ लागतो. चीज घरीच किसावे आणि किसून दहा मिनिटे बाहेर ठेवावे. फ्रीजमधले गार चीज गरम सॉसमध्ये नीट विरघळत नाही आणि मग पुन्हा गॅस लावायचा मोह होतो.

सॉस फाटलाच, तर तो लगेच टाकून देऊ नये. पातेले खाली उतरवावे, दोन मोठे चमचे पास्त्याचे कोमट पाणी घालून रवीने किंवा विस्कने जोरात घुसळावे आणि त्यात एक प्रोसेस्ड चीज क्यूब किसून घालावा. त्यातले क्षार सुटलेले तूप पुन्हा धरून घेतात. एवढ्याने न जमल्यास सॉस कोमट होऊ देऊन मिक्सरमधून एकदा फिरवावा, मात्र भांडे अर्ध्याहून जास्त भरू नये, कारण गरम द्रवाची वाफ झाकण उडवते. रबरासारखे मोठे गोळे बनले असतील तर मात्र ते परत विरघळत नाहीत. अशा वेळी गाळून पातळ भाग वापरावा आणि पुढच्या वेळी पहिल्या तपासणीकडे परत जावे.

मटण आजचे आहे का?

या तपासणीला पैसे फारसे लागत नाहीत, एक दिवस लागतो, आणि इथे मला सर्वांत जास्त विरोध होतो. रविवारी सकाळी दुकानापुढे रांग लावून डोळ्यांदेखत कापलेले मटण आणावे आणि दुपारी ते पानात असावे, हा आपला आग्रह आहे. रश्श्याला तो योग्यच आहे. पण जनावर कापल्यानंतर काही तासांत त्याचे स्नायू आखडतात आणि ताठ होतात. हा ताठरपणा ओसरायला बोकडाच्या बाबतीत साधारण एक दिवस लागतो. त्यानंतर मांसातलेच पाचक घटक तंतू हळूहळू सैल करतात. रस्सा तासभर शिजतो किंवा कुकरमध्ये जातो, त्यामुळे तिथे हा ताठरपणा जाणवत नाही. स्टेक तव्यावर एकूण सहा-सात मिनिटे असतो, आणि तेवढ्या वेळात आखडलेला स्नायू मऊ करण्याची कोणतीही युक्ती नाही.

म्हणून मांडी शक्यतो हाडासकट, अखंड आणावी, डब्यात झाकून फ्रीजच्या सर्वांत थंड कप्प्यात, चार अंश किंवा त्याहून कमी तापमानाला, एक रात्र ते दोन दिवस ठेवावी आणि काप करायच्या दिवशी काढावेत. हाडाला धरलेला स्नायू कमी आक्रसतो, हा त्याचा फायदा. आणल्या आणल्या फ्रीझरमध्ये टाकू नये, कारण ताठर होण्यापूर्वीच एकदम गोठलेले मांस वितळताना जोरात आखडते आणि अधिकच चिवट होते. फ्रीजमधून काढल्यावर बुळबुळीत लागले किंवा आंबूस वास आला तर मसाला लावून खपवायचा प्रयत्न करू नये, ते टाकून द्यावे.

काप कसे करावेत, यालाही तितकेच महत्त्व आहे. मांसावर उभे धागे दिसतात. सुरी त्या धाग्यांना आडवी चालली पाहिजे, म्हणजे प्रत्येक घासात धागे आखूड येतात. हाडालगतचा पांढरा, चमकणारा पडदा सोलून काढावा. तो तव्यावर आक्रसून कापाची वाटी करतो आणि मग मधला भाग तव्याला टेकतच नाही. हे घरी जमत नसेल तर हट्ट धरू नये. खाटकाला काम नेमक्या शब्दांत सांगावे: मांडीचा गोळा अखंड काढा, पडदा सोला, दोन सेंटीमीटरचे काप धाग्याला आडवे मारा. गर्दीच्या रविवारी हे सांगण्यात अर्थ नाही, मधल्या वारी दुपारी जावे. मधला दिवस मिळाला नाही तर चापांवर जावे. पाठीलगतचा हा स्नायू कमी श्रम करतो, म्हणून तो मांडीपेक्षा मऊ असतो.

कच्च्या पपईचा उपाय सगळ्यांना माहीत आहे. अर्धा किलोला एक लहान चमचा पेस्ट आणि अर्धा तास, याहून अधिक नको. पपईतला घटक पृष्ठभागावरच काम करतो. तासन्तास ठेवले तर वरचा थर लगदा होतो आणि आत मांस चिवटच राहते. लावलीच तर भाजण्यापूर्वी पुसून काढावी.

आतले तापमान

वरचे सगळे बरोबर असूनही काप कोरडा होत असेल, तर मांस प्रमाणापेक्षा जास्त शिजते आहे. मांसातली प्रथिने ५० ते ५५ अंशांपासून आवळू लागतात, आणि ६५-७०च्या पुढे ती इतकी आवळतात की रस पिळून बाहेर पडतो. दुसऱ्या टोकाला, चिवट पांढरे धागे विरघळून मऊ व्हायला बराच अधिक वेळ आणि ओली उष्णता लागते. म्हणजे मटणाला दोनच वाटा आहेत: एकतर थोडक्यात शिजवून थांबायचे, नाहीतर भरपूर शिजवत न्यायचे. मधल्या वाटेवर ते सर्वांत वाईट लागते, आणि भीतीपोटी तव्यावर दहा-बारा मिनिटे ठेवलेला स्टेक नेमका याच वाटेवर असतो.

अन्नासाठीचा टोचायचा डिजिटल थर्मामीटर हा इथला खरा उपाय आहे, आणि ज्यांना हे जेवण महिन्यातून एकदा करायचे आहे त्यांनी तो घ्यावाच असे मी आग्रहाने सांगते. टोक कापाच्या कडेने मध्यापर्यंत घालावे. बोकडाच्या अखंड कापासाठी ६३ अंश आणि त्यानंतर किमान तीन मिनिटे मुरणे हे सुरक्षित मानलेले प्रमाण आहे. चिकनसाठी ७४ अंश, आणि तिथे कोणतीही तडजोड नाही. खिम्याचा स्टेक करत असाल तर ७१ अंश, कारण खिमा होताना पृष्ठभागावरचे जंतू आत मिसळलेले असतात. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांच्यासाठी गुलाबी मांस ठेवूच नये, त्यांच्यासाठी पुढचा कुकरचा मार्ग घ्यावा. तव्यावरून उतरवलेला काप पाच मिनिटे न कापता ठेवावा, नाहीतर रस ताटात जातो.

आणि एवढे करूनही काप चिवट निघाला तर? तो पानात वाढू नये. सगळे काप कुकरमध्ये घालावेत, तव्यावर चिकटलेला खमंग भाग अर्धी वाटी पाण्याने सोडवून तोही त्यात ओतावा, आणि पहिली शिट्टी झाल्यावर मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. मांस मऊ होते आणि त्याचा घट्ट रस पास्त्यावर छान लागतो. त्याला स्टेक म्हणता येणार नाही, पण जेवण वाया जात नाही.

तवा आणि शेगडी: शेवटची, खर्चाची तपासणी

पातळ ॲल्युमिनियमचा किंवा हलका तवा काप पडताच निवतो, मग तो कितीही तापवलेला असो. इथे बिडाचा जाड तवा घेणे हाच उपाय आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रींमुळे ओतीव लोखंड म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. हे जड लोखंड उष्णता धरून ठेवते, आणि स्टेकला तेच हवे असते. नवा तवा तेल लावून तीन-चार वेळा तापवून मुरवून घ्यावा आणि साबणाच्या पाण्यात भिजत ठेवू नये.

तवा जाड असूनही दहा मिनिटांत तापत नसेल तर दोष शेगडीत आहे. ज्योत निळी आणि स्थिर हवी. ती पिवळी, लांब किंवा फडफडणारी असेल, भांड्याचा तळ काळा होत असेल, तर बर्नरची छिद्रे अन्नाने बुजलेली असतात. गॅस बंद करून, बर्नर गार झाल्यावर त्याची टोपी काढून गरम साबणाच्या पाण्यात घासावी, छिद्रे दाभणाने किंवा ताठ ब्रशने मोकळी करावीत आणि पूर्ण वाळल्यावर बसवावी. सिलिंडर संपत आला असेल तरी ज्योत मंद होते, तेही पाहावे.

इथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

बर्नर साफ करूनही ज्योत पिवळीच राहिली, भरलेल्या सिलिंडरवरही ती मंद असली, नॉब फिरवताना अडकत किंवा सैल झाला असला, तर पुढे स्वतः काहीही उघडू नये. आतला जेट, झडप आणि रेग्युलेटर ही घरी हात घालण्याची जागा नाही. आपल्या गॅस एजन्सीच्या मेकॅनिकला बोलवावे, आणि तो आलाच आहे तर रबरी नळीवरचे साल तपासून घ्यावे. सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलायची असते. गॅसचा वास येत असेल तर मेकॅनिकची वाट पाहत स्वयंपाक चालू ठेवू नये: रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या-दारे उघडावीत, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, घराबाहेर येऊन १९०६ या गॅस गळतीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. तव्यातल्या तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी टाकू नये. गॅस बंद करून धातूचे झाकण ठेवावे, आणि ज्योत विझली नाही तर सगळ्यांना बाहेर काढून अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे.

जेवणानंतर कोणाला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि त्यासोबत जास्त ताप, रक्त, किंवा पाणीही पोटात न टिकणे असे काही दिसले, तर घरगुती काढ्यांवर वेळ न घालवता त्याच रात्री डॉक्टरांकडे जावे आणि काय, किती शिजवलेले खाल्ले हे त्यांना नेमके सांगावे.